कोळसा संपलेल्या गावात

पारशिवनीच्या माणसाला जगात कुठंही जायचं असो, आधी आमडी फाटा गाठावा लागतो. तिथं जबलपूर रोड लागतो आणि पुढचं सगळं नागपूरच्या हाती. २०२४च्या मे महिन्यात मी त्याच फाट्यावरून जर्मनीतल्या बोखुमला गेले, उन्हाळी इंटर्नशिपला. नागपूरच्या व्हीएनआयटीत मी मायनिंग शिकते. डाड ही जर्मन संस्था भारतातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना उन्हाळ्यात तिकडच्या प्रयोगशाळांमध्ये कामाला बोलावते, त्यात माझा नंबर लागला. अर्ज, विमा, व्हिसा यांची कथा सांगत नाही. ती सगळ्यांची सारखीच असते आणि ऐकणाऱ्याला झोप येते.

मायनिंग का, हे मात्र सांगायला हवं, कारण बोखुममध्ये ज्याने त्याने तेच विचारलं. आमच्या तालुक्याचं एक टोक पेंचच्या जंगलात आहे आणि दुसरं कोळशावर. गोंडेगाव, टेकाडी, कांद्री, कन्हान या बाजूला कुणाचा ना कुणाचा माणूस वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये असतोच. बाबा तिथल्याच एका खदानीत पंप खलासी आहेत. खदानीच्या तळाशी पाणी गोळा होतं त्या खड्ड्याला संप म्हणतात. तो भरू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. पावसाळ्यात ते 'एवढंच' राहत नाही. मी दहावीत होते तेव्हा, २०१९ साली, सरकारने बायकांना भूमिगत खाणीत तांत्रिक कामावर उतरायची मुभा दिली. १९५२च्या खाण कायद्याने तोवर ते बंद होतं. बाबांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "घे माय, तुह्यासाठी दरवाजा उघडला." विषय तिथंच ठरला.

बोखुमला पोचले ती शनिवारची संध्याकाळ होती. नागपुरात डांबर मऊ होत होतं आणि इथं फलाटावर लोक जॅकेट घालून उभे. स्टेशनबाहेर रस्त्याच्या मधोमध लोखंडाच्या चार प्रचंड पत्र्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, पार गंजलेल्या, तिमजली घराएवढ्या उंच. एखाद्या पुलाचं काम ठेकेदाराने अर्ध्यात सोडलं असावं, असंच कुणालाही वाटेल. ते रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराचं शिल्प निघालं, १९७९पासून तिथं उभं असलेलं. उभं केलं तेव्हा गावात त्यावरून मोठं भांडण झालं होतं. सेरा मी गेले त्याच वर्षी, २०२४च्या मार्चमध्ये वारला. कलेतलं मला कळत नाही, पण लोखंड बनवून जगलेल्या गावाने दारातच गंजलेलं लोखंड उभं करावं, हे मला पटलं.

यू-३५ नावाची शहरी रेल्वेची लाइन स्टेशनाखालून जाते आणि विद्यापीठाच्या टेकडीवर चढते. रूर विद्यापीठ १९६५ साली सुरू झालं. तोवर कोळसा-पोलादाच्या त्या सगळ्या कामगारपट्ट्यात विद्यापीठच नव्हतं. खाणी बंद पडायला लागल्या तेव्हा ते काढायची बुद्धी झाली. सगळं काँक्रीट, रांगेने उभ्या एकसारख्या इमारती. माझी खोली त्याच बाजूला होती. वसतिगृहाच्या केअरटेकरने किल्ली देताना खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर सही घेतली, गादीवरही, आणि मग कचऱ्याचा तक्ता दाखवला. कागद निळ्या डब्यात, वेष्टनं पिवळ्यात, साली-टरफलं तपकिरी डब्यात, उरलेलं करड्यात. काचेच्या बाटल्या बाहेरच्या मोठ्या पेटीत रंगाप्रमाणे टाकायच्या, आणि त्या रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. खिडकीचा दांडा उभा केला की ती वरून कलते, आडवा केला की दारासारखी उघडते. ही एकच गोष्ट मला त्या दिवशी मनापासून आवडली. साडेनऊ वाजले तरी उजेड जाईना. झोपावं की जेवावं कळेना, म्हणून आईने दिलेली जवसाची चटणी उघडली आणि विमानातून आणलेल्या पावाबरोबर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्याने बंद असतात, हे माहीत होतं. त्याला लागून सोमवारी पेंटेकॉस्टची सुट्टी आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे दोन दिवस किराणा नाही. पिशवीत कुरडया होत्या, सांडगे होते, तिखट होतं, भिवापुरी मिरच्या होत्या. तळायला तेल नव्हतं.

त्या दोन दिवसांत मला बूडऽ सापडली. ही रूरच्या पट्ट्यातली खास चीज. कोपऱ्यावर, एखाद्या घराच्याच तळमजल्याला, खिडकीएवढं दुकान. सगळं बंद असतं तेव्हा हे उघडं असतं. त्याचं मूळ पाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात खाणी-कारखान्यांच्या वस्त्यांत प्यायला स्वच्छ पाणी मिळत नसे, लोक तहानेला बिअर-दारू प्यायचे. म्हणून बाटलीतलं सोड्याचं पाणी विकायच्या टपऱ्या सुरू झाल्या. पुढे पाळी सुटल्यावर खाणमजूर तिथंच थांबू लागले. आता तिथं दूध, पाव, सिगारेट, बिअर, पेपर, कुरिअरचे खोके, सगळं मिळतं, आणि आपल्याकडच्या पानठेल्यासारख्या फुकटच्या गप्पा.

माझ्या बूडऽचा मालक माझ्या बाबांच्या वयाचा. त्याचा बाप तुर्कस्तानातल्या झोंगुलडाकहून आलेला. ते तिथलं कोळशाचं शहर. पश्चिम जर्मनीने ऑक्टोबर १९६१मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला आणि हजारो माणसं या खाणींत उतरली; त्यांतलाच एक त्याचा बाप. मी दूध, पाव आणि तेल मागितलं. तेलाची बाटली त्याने आतून, बहुधा स्वतःच्या स्वयंपाकघरातून आणून दिली आणि पैसे घ्यायला तयार होईना. तेवढ्यात एक मुलगा आला, सात-आठ वर्षांचा. त्याने एक नाणं काउंटरवर ठेवलं आणि बरण्यांकडे बोट दाखवू लागला. मालकाने चिमटा हातात घेतला आणि एकेक गोळी उचलून कागदी पुडीत टाकू लागला: दोन लाल, एक साप, तीन आंबट. प्रत्येक गोळीला किंमत मोठ्याने म्हणायची, मुलाने मनात बेरीज करायची. मुलगा मध्येच म्हणाला, साप नको, त्याऐवजी दोन हिरव्या. साप परत बरणीत गेला. मागे मी आणि आणखी दोघं उभे होतो, कुणी घाई केली नाही. पुडीचं तोंड मुडपून मुलाच्या हातात दिल्यावर मालक माझ्याकडे वळला आणि मी कुठली, काय करते, विचारू लागला. मायनिंग म्हटल्यावर त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि शेजारी बाटली घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला काहीतरी सांगितलं. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "ग्लुक आउफ." खाणमजूर खाली उतरताना एकमेकांना हेच म्हणत. खाणी गेल्या, पण हा नमस्कार राहिलाय. म्हाताऱ्याच्या मनगटावर निळे ठिपके होते. जखमेत कोळशाचा कण राहिला आणि त्यावर कातडी आली की असे ठिपके राहतात. आमच्याकडे कांद्रीच्या बाजारात असे हात बघितले आहेत. त्या गावात मला पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं ते हे.

खाण्यापिण्याचं पुढे फारसं अडलं नाही. तुर्की दुकानांत कोथिंबीर जुड्यांनी मिळते, हिरव्या मिरच्या मिळतात, मसूर पोत्याने. तुरीसाठी तेवढं लांब जावं लागायचं. प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट जास्तीचे घेतात आणि बाटली यंत्रात परत टाकली की देतात. त्यामुळे तिथं रस्त्यावर रिकामी बाटली दिसत नाही. आपल्याकडे हे काम भंगारवाले करतात, तेही कुणी न सांगता, आणि त्यांना त्याचं कुणी कौतुक सांगत नाही. असो.

मी गेले तेव्हा गाव निळं-पांढरं झालं होतं. व्हीएफएल बोखुम हा तिथला फुटबॉल क्लब वरच्या साखळीतून खाली घसरायच्या बेतात होता. २३ मेला घरच्याच मैदानावर ड्युसेलडॉर्फकडून ०-३ असा हरला. दुसऱ्या दिवशी बूडऽवर सुतक. मला ऑफसाइड कळत नाही, पण एवढं कळलं की आता काही होत नाही. सोमवारी, २७ तारखेला, परतीचा सामना. मी खोलीत वाचत होते. रात्री उशिरा अख्ख्या इमारतीतून एकदम किंकाळ्या उठल्या, खिडक्या धाडधाड उघडल्या, खाली गाड्यांचे भोंगे सुरू झाले. बोखुमने तिकडे जाऊन तीन गोल केले होते आणि पेनल्टीवर ६-५ असा सामना काढला होता. रात्री दहानंतर मोठ्याने बोलायचं नाही, असं बजावणारा केअरटेकर झेंडा घेऊन अंगणात नाचत होता. त्या रात्रीनंतर जिन्यात भेटणारी माणसं मला नमस्कार करू लागली. मी काहीच केलं नव्हतं. गाव वाचलं तेव्हा मी गावात होते, तेवढ्यावर मला धरून घेतलं.

काम होतं खाणपाण्यावर. रूरमधला कोळसा संपला असं म्हणतात ते खरं नाही. तो खाली आहे, काढणं परवडत नाही. शेवटची खाण बोट्रोपची, २१ डिसेंबर २०१८ला बंद झाली. शेवटचा दगड वर आणून राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला, बँड वाजला, माणसं रडली. पण खाली दीडशे-दोनशे वर्षांत केलेली पोकळी तशीच आहे आणि तिच्यात पाणी येतच राहतं: खारट, कोमट, लोखंड विरघळलेलं. ते वरच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही, म्हणून उपसत राहायचं. कधीपर्यंत, तर कायमचं. या कामासाठी २००७ साली एक फाउंडेशन काढून ठेवलं आणि खाणी बंद झाल्यावर, २०१९पासून, खर्च त्यातून होतो.

माझ्याकडे आलेले नमुने बाटलीत असताना स्वच्छ दिसायचे. झाकण उघडून चंचुपात्रात ओतले आणि ठेवले की काही वेळाने पाणी पिवळसर व्हायचं, मग नारिंगी, आणि तळाशी गेरूसारखा गाळ बसायचा. हवा लागली की विरघळलेलं लोखंड गंजतं. किती वेळात किती बसतो, कोणत्या आम्लतेला लवकर बसतो, हे मोजायचं. दिवसभर नारिंगी गाळ. एप्रनच्या बाह्यांना लागलेले डाग काही निघाले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत एकदा भिंतीवरच्या नकाशात मी प्रयोगशाळेतल्या लोकांना पारशिवनी दाखवत होते. लोखंडावरून बोलणं निघालं आणि मी त्यांना नायकुंड सांगितलं. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड आहे. तिथं १९७०च्या दशकाच्या शेवटी डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. गोल बसतील अशा वाकड्या विटा, भात्याच्या मातीच्या नळ्या, लोखंडाची मळी. काळ अंदाजे इसवी सनापूर्वी सातशे. महापाषाणयुगातले लोक, ज्यांची दगडांची वर्तुळं आमच्याकडे शेताशेतात आहेत. टेबलावर शांतता झाली. माझ्या मार्गदर्शक बाईंनी जागेचं नाव दोनदा लिहून घेतलं. एरवी पोलादाच्या गोष्टी त्यांनी सांगायच्या आणि मी ऐकायच्या असा रिवाज होता. त्या दिवशी उलटं झालं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मला शाळेत असताना नायकुंडबद्दल कुणी अक्षर सांगितलं नव्हतं. कॉलेजात मी स्वतः शोधून वाचलं.

सुट्टीच्या दिवशी मी बोखुमच्या खाणकामाच्या संग्रहालयात गेले. १९३०पासूनचं ते संग्रहालय, इमारतीवर डॉर्टमुंडच्या जर्मानिया खाणीतून आणून बसवलेला सत्तर मीटर उंचीचा हिरवा मनोरा. खाली नकली खाण आहे. ती इतकी नीटनेटकी की मला करमेना. खऱ्या खाणीत पायाखाली चिखल असतो आणि कुणाचा तरी डबा वास मारत असतो. मला जास्त आवडली ती ग्रंथदालनातली चित्रं. गेओर्ग अग्रिकोला या जर्मन पंडिताचा खाणकामावरचा ग्रंथ १५५६ साली, तो वारल्याच्या पुढच्या वर्षी, छापला गेला. त्यात पानामागून पान पाणी उपसायच्या यंत्रांची चित्रं: रहाट, साखळीला बांधलेले गोळे, एकावर एक लावलेले पंप, ते फिरवणारी माणसं आणि घोडे. बोखुममध्ये त्याच्या नावाचं तांत्रिक विद्यापीठ आहे, १८१६च्या खाणशाळेतून वाढलेलं, आणि खाणी बंद झाल्यावर काय करायचं याचा अभ्यास करणारं केंद्र तिथं आहे. मी त्या चित्रांचे फोटो काढून बाबांना पाठवले.

गावात हिंडायला लागले तशी जमीन दिसू लागली. एरवी कुणाला दिसत नाही. कोळसा काढल्यावर वरची जमीन बसते. रूरच्या पट्ट्यात काही ठिकाणी ती वीस मीटरहून जास्त खाली गेली आहे. त्यामुळे नद्या वर आणि माणसं खाली अशी उलटी तऱ्हा. बांध घालून, पंप लावून पावसाचं पाणी नदीत चढवावं लागतं, नाहीतर वस्त्यांची तळी होतील. एम्शर नदीचं तर शंभर वर्षं उघडं गटार केलं होतं. जमीन सारखी बसत असल्याने भूमिगत नळ टिकत नसत, म्हणून सगळ्या शहरांची घाण नदीतून वाहायची. खाणी हटल्यावर १९९०च्या दशकात त्यांनी जमिनीखालून गटारं घालायला घेतली आणि २०२१अखेर नदीत सांडपाणी यायचं थांबवलं. खर्च पाच अब्ज युरोंच्या वर. मी जाऊन बघितली. काठावर बदकं, सायकलवाले, आणि फलकावर जुना काळा फोटो.

बोखुममध्येच वाटनशाइड म्हणून भाग आहे. तिथं हॉन्ट्रोपला २ जानेवारी २००० रोजी गॅरेज आणि मोटार यांसकट जमीन खाली गेली. खाली जुनी, विसरलेली खाण होती. आता सगळ्या जुन्या विहिरी-बोगद्यांचे नकाशे तपासून भोकं बुजवण्याचं काम चालूच असतं. आमच्याकडे नवीन खदानीचा विस्तार कुठवर, याचे नकाशे लोक बघतात. मोबदला, नोकरी, पुनर्वसन. बंद झाल्यावरचा नकाशा बघायला मागणारा मी तरी बघितला नाही. कायदा आहे. २००९पासून कोळसा कंपन्यांनी खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात पैसे भरायचे, असा नियम आहे. गोंडेगावला ओबीतून, म्हणजे कोळशावरच्या काढून टाकलेल्या मातीतून, रेती वेगळी करून विकतात. गोंडेगाव-सावनेरची खाण-सहलही २०१६पासून निघाली. ही कामं वाईट नाहीत. पण आमच्याच तालुक्यातल्या नांदगावात वीजकेंद्राची राख टाकायला घेतली तेव्हा गावकऱ्यांना आरडाओरड करावी लागली आणि २०२२मध्ये मंत्री येऊन थांबवा म्हणाले; म्हणजे राख कुठं जाणार हे आधी ठरत नाही, ओरड झाल्यावर ठरतं. रूरमध्ये आधी ठरवायला शिकले तेही शंभर वर्षं घाण सोसून, हेही खरं.

बाबा नाईट शिफ्टला निघायच्या आधी फोन करायचे. तिथं रात्रीचे दहा, इथं साडेसहा, आणि खिडकीत लख्ख ऊन. "सूर्य ओव्हरटाइम करते का वं तिकडे?" हे त्यांचं रोजचं. अग्रिकोलाची चित्रं त्यांना पसंत पडली; घोड्याने पंप फिरवणाऱ्या माणसाला त्यांनी "आपला सीनिअर" म्हटलं. मग मी त्यांना वेर्नेच्या जुन्या खाणीचं सांगितलं. बोखुमच्या पूर्व भागात, वेर्नेत, रॉबर्ट म्युझर नावाची बंद खाण आहे, तिथून पाणी उपसतात, आणि ते वीसेक अंश उबदार असल्याने त्यातली उष्णता काढून दोन शाळा आणि फायर ब्रिगेडचं केंद्र गरम करतात.

"पानी कोन काढते पन? पंपवाला कोन आहे?"

"पंपवाला नाही बाबा. दूर एका कंट्रोल रूममधून चालतं. पुढं तर सगळीकडे वरूनच पंप सोडणार आहेत, खाली माणूस ठेवायचाच नाही."

"किती एचपीचा?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी यादीच पाठवली: एचपी किती, हेड किती, स्टँडबाय आहे का, गाळ किती येतो, इम्पेलर किती दिवसांत बदलतात. मी ती इंग्रजीत करून खाणपाण्याच्या इंजिनिअरसमोर ठेवली. तो वाचत गेला आणि म्हणाला, तुझे वडील कुठल्या कंपनीत सल्लागार आहेत? शेवटचा प्रश्न होता, लाइन गेली तर? त्यावर त्याने खुर्ची वळवून कागदावर खाणीचा छेद काढला. खाली मैलोगणती जुने बोगदे मोकळे आहेत. पंप थांबला तरी पाणी चढायला फार वेळ लागतो, दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

मी बाबांना ते सांगितलं तेव्हा ते बूट घालत होते.

"हाव, त्याईचं खाली रिकामं आहे," ते म्हणाले. "आमच्या इथं त पाऊस आला का अर्ध्या घंट्यात संप भरते. त्याले सांग, एक नाईट माह्यासंग करून पाहा म्हना, जुलैमध्ये."